पुढच्या महिन्यात धरणारी काजू

आमचं घर देवगड तालुक्यात, आईचं माहेर कणकवलीजवळ. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात माहेरची सामाईक जमीन गेली आणि मोबदल्यातला आईचा हिस्सा, साडेसहा लाख, तिच्या खात्यावर जमा झाला. तिच्या एकटीच्या नावावर एवढी रक्कम आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

मे २०२४ मध्ये आतेभाऊ मुंबईहून आंबे खायला आला. "मामी, पैसे बँकेत कुजवू नकोस," म्हणाला. एक कंपनी माळरानावर काजू लावणार होती. लाखाला महिना चार हजार आणि पंचवीस महिन्यांनी मुद्दल परत. आईने मला न सांगता पन्नास हजार रोख दिले. जून, जुलै, ऑगस्ट, दर महिन्याला दोन हजार वेळेवर जमा झाले. गणपतीत दादा पुन्हा आला तो उरलेले सहा लाख मागायला. मला सगळं कळलं ते तेव्हा.

मी नको म्हणताच आई चिडली. "आपलोच झील तो, माका कित्याक फसवतलो?" दादाकडे कागद तयार होते: कंपनीची नोंदणी, पॅन, जीएसटी, स्टॅम्पपेपरवरचा करार. कागद खरेच होते. त्यामुळे मला पटकन उत्तर सुचेना.

रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात आली ती काजूच. आमच्या बागेत वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची कलमं आहेत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुठे चार बिया दिसतात, पोटभर पीक यायला सात-आठ वर्षं जातात. मग मेमध्ये दिलेल्या पैशांवर जूनमध्ये काजू धरली कशी? सकाळी खळ्यात दादाला हेच विचारलं. "कंपनीचे दुसरे धंदे आहेत," म्हणाला. कोणते, ते त्याला सांगता येईना. आईला मिळालेले दोन हजार तिच्यानंतर पैसे भरणाऱ्या कुणाचे तरी असणार, हे मला तिथेच कळून चुकलं.

तरी खात्री करायचीच होती. कंपनी नोंदलेली आहे म्हणजे ती अस्तित्वात आहे, एवढंच; लोकांकडून पैसे गोळा करायची परवानगी त्यातून मिळत नाही. अनेकांचे पैसे एकत्र करून, कारभार स्वतःच्या हातात ठेवून परतावा देणारी अशी योजना सामूहिक गुंतवणूक योजना ठरते आणि तिला १९९९ च्या नियमांनुसार सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर आणि अशा गुंतवणुकींवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी लागते. सेबीच्या यादीत हे नाव नव्हतं. ठेवी घ्यायची परवानगी कुणाला आहे ते रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर बघता येतं, तिथेही नव्हतं.

आईसमोर मी दादाला खोटारडा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिने पुढचं ऐकलंच नसतं. फक्त काजूचा हिशोब मांडला. बराच वेळ ती गप्प होती, मग म्हणाली, "ह्यां माका आधीच सुचाक होयां होतां." सहा लाख आम्ही पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. वर्षाला ८.२ टक्के, म्हणजे दर तिमाहीला १२,३०० रुपये. दादाची कंपनी वर्षाला ४८ टक्के देणार होती!

पन्नास हजार परत मागितले तर 'पंचवीस महिने थांबा' असं उत्तर आलं. जानेवारी २०२५ पासून हप्ते बंद झाले, ऑफिसचा फोनही. सात हप्त्यांत १४,००० आले होते, ३६,००० अडकले. आधी पोलीस ठाण्यात आणि मग ओरोसला आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली. ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा आहे, एमपीआयडी म्हणतात तो. त्यात फसवणाऱ्याची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे देण्याची तरतूद आहे. रोख रक्कम दिल्याचा आमच्याकडे एकच पुरावा होता, हाताने लिहिलेली पावती. आईने ती देव्हाऱ्याखालच्या डब्यात जपून ठेवली होती. पासबुकातल्या सात नोंदी सोबत जोडल्या. निकाल अजून लागलेला नाही.

यंदा गणपतीत दादा आला. त्याचे स्वतःचे तीन लाख त्यात गेलेत. मी आमच्या तक्रारअर्जाची झेरॉक्स त्याच्या हातात दिली, त्यानेही अर्ज करावा म्हणून. त्याने ती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली. अर्ज अजून केलेला नाही. त्याच्या शब्दावर पैसे भरलेली सतरा माणसं आहेत, त्यातली अकरा आमच्याच वाडीतली.