बावीस क्रेडिट आणि पाठकोरा कागद

शनिवार, रात्री

एस. वाय.चे विषय भरायचा फॉर्म बुधवारपर्यंत द्यायचा आहे. ग्रुपवर एकच चर्चा चालू आहे, सोपी ओई, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, कुठली? कुणी म्हणतं फोटोग्राफी घ्या, कुणी म्हणतं योग घ्या, हजेरी लावली की पास. ज्याचं त्याला लखलाभ. माझं डोकं वेगळ्याच ठिकाणी अडकलंय. पाचव्या सत्रात इकॉनोमेट्रिक्स आहे, म्हणजे अर्थशास्त्रातले संबंध आकडेवारीवरून तपासायचा विषय, आणि ते समजायला जे जे आधी यायला हवं ते चौथ्या सत्राच्या आत कुठे बसवायचं?

बाबांनी ऑफिसातून आणलेले पाठकोरे कागद घेतले आणि आडवे रकाने आखले. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं सत्र. आई डोकावून म्हणाली, "काय गं, रुखवताची यादी करतेस का?" रुखवताची यादी परवडली. तिथे लाडू आधी की चकली आधी यावरून कुणाचं अडत नाही.

नवीन शैक्षणिक धोरणाचं गणित एव्हाना पाठ झालंय. सत्राला २२ क्रेडिट, वर्षाला ४४, तीन वर्षांत १३२, चौथं वर्ष केलं तर १७६. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास. पहिल्या वर्षी मी अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र असे तीन विषय घेतले होते. आता त्यातलं अर्थशास्त्र मेजर म्हणजे मुख्य, संख्याशास्त्र मायनर म्हणजे दुय्यम, आणि मानसशास्त्राला रामराम. या सत्राचे २२ असे: मेजरचे ८, मायनरचे ४ आणि उरलेले १० दोन-दोनच्या पुड्या बांधून ओई, व्हीएससी (व्यावसायिक कौशल्याचा कोर्स), भाषा, फील्ड प्रोजेक्ट आणि सीसी यांना वाटलेले. सीसी म्हणजे एनएसएस, खेळ, नाटक वगैरे.

गंमत अशी की हा सगळा हिशोब फक्त बेरजेचा आहे. १३२ भरले की पदवी. कशाच्या आधी काय यावं याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. परवा मामेबहिणीशी बोलणं झालं, ती अमेरिकेत शिकते. ती म्हणाली, "आमच्याकडे स्टॅटिस्टिक्स झालं नसेल तर इकॉनोमेट्रिक्सला नावच नोंदवता येत नाही, सिस्टीमच अडवते." आमच्याकडे कुणी अडवत नाही. संख्याशास्त्रातली टी-टेस्ट कशाशी खातात हे माहीत नसलेला मुलगाही पाचव्या सत्राच्या वर्गात थाटात जाऊन बसू शकतो. मग तो प्रश्नसंच पाठ करतो, पास होतो, आणि आयुष्यभर म्हणतो की इकॉनोमेट्रिक्स फार बोअर असतं. ताईकडची सिस्टीम मला जाचक वाटायच्या ऐवजी हेवा करण्यासारखी वाटली. इथे ते अडवायचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं.

म्हणून आज कागद उलटीकडून भरला, म्हणजे आधी सहावं सत्र. त्यात ४ क्रेडिट ओजेटीचे, म्हणजे कुठेतरी जाऊन काम करायचं, तेव्हा नवीन काही शिकायला वेळ मिळणार नाही असंच धरून चालायचं. पाचव्यात इकॉनोमेट्रिक्स. त्यासाठी रिग्रेशन, म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी किती बदलते याचा आकड्यांवरून अंदाज, कळायला हवं. रिग्रेशनचा सहगुणक खरा की योगायोग हे ठरवायला स्टँडर्ड एरर आणि परिकल्पना चाचणी. चाचणीच्या आधी नमुन्याचं वितरण, त्याच्या आधी संभाव्यता वितरणं. म्हणजे तिसऱ्यात वितरणं, चौथ्यात अनुमानशास्त्र (इन्फरन्स), अशीच ओळ लागते. मायनरला चौथ्या सत्रात अनुमानशास्त्र किंवा गुणवत्ता नियंत्रण असा पर्याय आहे. सीनियर सांगतात, गुणवत्ता नियंत्रण घे, आलेख काढले की मार्क पडतात. पडोत बापडे. मला पाचव्यात कारखान्याचे आलेख काढायचे नाहीत.

संख्याशास्त्राची सोय लागली. खरा घोळ कॅल्क्युलसचा, म्हणजे कलनाचा आहे.

अकरावीला कला शाखेत गणित ठेवलं तेव्हा वर्गात आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होतो आणि नातेवाईक विचारायचे, "मग सायन्सलाच का नाही गेलीस?" त्या गणिताचा आज फार आधार वाटतो. अवकलन, संकलन, मॅट्रिक्स, सगळं बारावीला झालंय. पण ते एका चलाचं. अर्थशास्त्रात एकच चल कुठेच नसतं. माणूस दोन वस्तू घेतो, कारखान्याला श्रम आणि भांडवल दोन्ही लागतं.

वर्गात समतोल शिकवतात तो आकृतीने. सारखंच समाधान देणाऱ्या जोड्यांचा समवृत्ती वक्र, त्याला टेकणारी किंमत रेषा, टेकली तो बिंदू समतोल. आकृती सुबक येते, पण उत्तर येत नाही. आज मी मुद्दाम आकडे घालून बघितलं. चहा १० रुपये, वडापाव २० रुपये, खिशात २००. उपयोगिता, म्हणजे मिळणारं समाधान, दोन्हींच्या नगसंख्येचा गुणाकार, असं मानलं. अट पाळून जास्तीत जास्त किती ते काढायची लाग्रांजची रीत यूट्यूबवरून अर्धवट शिकले आहे, ती लावली. दोन आंशिक अवकलजं, एक खर्चाची अट. उत्तर आलं १० चहा आणि ५ वडापाव, निम्मे पैसे इकडे, निम्मे तिकडे. (१० चहा कोण पितं, ते सोडा. यूपीएससीवाल्यांना विचारा.) मग चहा २० रुपये करून बघितला तर चहा ५ वर आले आणि वडापाव जागचा हलला नाही. हे आकृतीत बघायचं तर हात इतका नेमका हवा की आपण चित्रकलेला प्रवेश घेतलेला बरा.

एम.ए.च्या प्रवेशांचंही तेच. आयएसआय, म्हणजे भारतीय सांख्यिकी संस्था, तिथल्या एमएसक्यूई या अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर कोर्सच्या प्रवेशाचा जुना पीईए पेपर उघडला, तर त्यात अर्थशास्त्राचा शब्द नाही, नुसतं गणित. अर्थशास्त्र दुसऱ्या पेपरात. म्हणजे मेजरमध्ये कितीही चमकलं तरी पहिल्याच दारात गणित उभं. गोरेगावची आयजीआयडीआर ही अर्थशास्त्राची संस्था माझ्या डोक्यात आहेच, तिथेही गणिताशिवाय निभाव लागत नाही.

ओई दुसऱ्या विद्याशाखेची घ्यावी लागते, हा नियम बहुतेकांना कटकट वाटतो. मला त्यातच वाट दिसली. विज्ञानवाल्यांच्या यादीत फोटोग्राफीच्या खाली, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी, 'बहुचल कलनाची ओळख' आहे. २ क्रेडिट, म्हणजे ३० तास. एवढ्यात लाग्रांज नक्की होईल. फक्त ती तिसऱ्याच सत्रात आहे, आणि तिचा तास आमच्या मराठीच्या तासावर येतो.

स्वयमचाही, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सचाही, विचार केला. ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट ऑनलाइन घेता येतात, जुलै आणि जानेवारीला कोर्स सुरू होतात, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यायची. पण कोर्सला आधी कॉलेजची मान्यता लागते, आणि ती मिळेपर्यंत जुलैची नोंदणी संपली तर सगळं जानेवारीवर. लिनिअर अल्जिब्रा तिथून करीन, घाई नाही, पाचव्याच्या आत झालं की बास.

सोमवार

विभागात मॅडमना गाठलं. त्यांनी कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला, मग पेनाने एक बाण उलटा केला. म्हणाल्या, "अगं, पब्लिक फायनान्स चौथ्यात कशाला कोंबतेस? ते पाचव्यात इलेक्टिव्ह म्हणूनही आहे. चौथ्यात मॅक्रो आणि इन्फरन्स एवढंच वजनदार ठेव." बरोबर आहे. मॅक्रोतलं सोलोचं आर्थिक वाढीचं मॉडेल आणि परिकल्पना चाचणी एकाच सत्रात म्हणजे पुरे.

चौथ्या वर्षाबद्दलही विचारलं. चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एम.ए. एका वर्षाचं होऊ शकतं, आणि संशोधनासह ऑनर्स हवं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. "ते आत्ता ठरवू नकोस," मॅडम म्हणाल्या, "पण ७५ आत्तापासून सांभाळ." एरवी मला असल्या सल्ल्यांचा राग येतो. हा पटला, कारण गुणवत्ता नियंत्रण सोडून अनुमानशास्त्र घेण्याची किंमत नेमकी इथेच मोजावी लागणार आहे. त्या बदल्यात भाषेत आणि फील्ड प्रोजेक्टमध्ये मार्क ओढायचे, असं ठरवलंय.

मराठीच्या तासाचं काम अगदी सोपं निघालं. मराठीची दुसरी तुकडी दुपारी असते. सरांनी एवढंच विचारलं, "कॅल्क्युलससाठी तुकडी बदलतेस?" आणि हसून चिठ्ठी दिली. ऑफिसात चिठ्ठी दाखवली, काकांनी यादीत नाव इकडचं तिकडे केलं.

फॉर्म भरून टाकला. मेजर अर्थशास्त्र, मायनर संख्याशास्त्र, ओई बहुचल कलन. कॅल्क्युलसला आत्तापर्यंत आठच नावं आली आहेत आणि दहाच्या खाली वर्ग चालवत नाहीत म्हणे. उद्या ग्रुपवर दोन बकरे शोधायचे आहेत. निखिलला आयएसआयचा पेपर दाखवला की तो तयार होईल. दुसऱ्याला वडापाव चारावा लागेल.