लाल ठिपक्याचं पाकीट : आमची वाटचाल

२०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि भांडुपच्या आमच्या गाळ्यात कागदी पिशव्यांचं काम सुरू झालं. मी, माझी जाऊ आणि मागच्या चाळीतल्या दोघीजणी. पहिलं गिऱ्हाईक मेडिकलवाले. सॅनिटरी पॅडचं पुडकं काळ्या पिशवीत दडवून द्यायची त्यांची जुनी सवय. ते आता आमची जाड तपकिरी पिशवी नेऊ लागले.

नवंकोरं पॅड एवढं झाकूनपाकून घरी जातं, वापरलेलं मात्र उघडंच डब्यात पडतं. एका सोसायटीतल्या सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, "ताई, ओल्या कचऱ्यातून हातानं काढतो आम्ही ते." मग आम्ही पाकीट करायला घेतलं. २०१६ च्या घनकचरा नियमांत तर पॅड बनवणाऱ्यांनीच असं पाकीट द्यावं आणि वापरणारीनं पॅड नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकावं, असं लिहिलेलं होतं. आम्ही दुपदरी कागद घेतला, तोंडाला चिकटपट्टी लावली, वर ठसठशीत लाल ठिपका. ठिपक्याची कल्पना आमची नाही, ती पुण्यातल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची. ठिपका दिसला की आत काय आहे ते उघडून बघावं लागत नाही.

विकणं मात्र जड गेलं. सेक्रेटरी म्हणायचे, हा विषय मीटिंगमध्ये नको. शेवटी मुलुंडच्या एका बाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आमच्या पाकिटांचे गठ्ठे लुटले. एकदोन सासवांनी नाकं मुरडली, पण पुढच्याच आठवड्यात तिथून ऑर्डर आली.

शाळा-हॉस्टेलांतून पॅड जाळायच्या छोट्या मशीनची विचारणा अजून येते. कमिशन चांगलं असतं, तरी आम्ही ती विकत नाही. पॅडमध्ये लगद्याबरोबर प्लास्टिकचा पडदा आणि ओल शोषणारं जेल असतं. ते कमी आचेवर जळलं की डायॉक्सिन, फ्युरानसारखे विषारी वायू सुटतात. दवाखान्यांचा कचरा जाळणाऱ्या भट्टीला दोन कप्पे लागतात, पहिल्यात साधारण ८०० आणि दुसऱ्यात १०५० अंश सेल्सिअस तापमान, वर उंच धुराडं. संडासाच्या भिंतीवरच्या डबीकडून ते कसं व्हायचं? आमचे मिस्टर याला धंद्यातला वेडेपणा म्हणतात. म्हणोत.

२०२५ मध्ये महापालिकेनं घरगुती सॅनिटरी कचरा वेगळा उचलायला सुरुवात केली, तेव्हा ओळखीच्यांना वाटलं, आता यांचा गाळा बंद. झालं उलटंच. नोंदणी कशी करायची, झाकणाचा डबा कुठे ठेवायचा, घराघरातून काय सांगायचं, हे विचारायला सोसायट्यांचे फोन येऊ लागले. नोंदणीचं काम आम्ही फुकट करून देतो. पैसे डब्यांचे आणि पाकिटांचे.

सध्या अडलंय ते मोठ्या माणसांच्या डायपरवर. अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्या घरांतून सारखी मागणी येते आणि आमच्या पाकिटात तो मावत नाही. जाऊबाई मोठं माप कापून बघतायत, कागद फाटतोय.