साताऱ्याच्या गच्चीवरून विमानं : या हिवाळ्यात काय काय जमलं

मुंबई विमानतळ ते बेंगळुरू विमानतळ अशी नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारा. ती जवळपास साताऱ्याच्या डोक्यावरून जाते. पुढे कऱ्हाडच्या पूर्वेकडून आणि मिरजेला खेटून कर्नाटकात शिरते. आपल्या जिल्ह्यात प्रवासी विमानसेवा नाही, त्यामुळे विमानं बघायचा नाद पुण्या-मुंबईकडच्यांनी करावा, असं मला कितीतरी जणांनी ऐकवलंय. मला ते अजिबात पटत नाही. धावपट्टीजवळ उभं राहिलं की विमान मोठं दिसतं हे खरंच. पण चढणारं विमान कुठे सरळ होतं आणि उतरणारं विमान कुठे नाक खाली करतं, हे बघायला साताऱ्यासारखी जागा नाही. दिवाळीपासून मी बहुतेक याच एका गोष्टीच्या मागे आहे.

हिशोब साधा आहे. वैमानिकांचा एक ढोबळ आडाखा असतो : हजार फुटांत जेवढी उंची, त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी उतरायला सुरुवात करायची. ३६,००० फुटांवर असाल तर १०८ सागरी मैल, म्हणजे साधारण २०० किलोमीटर. सातारा ते मुंबई विमानतळ सरळ अंतर २०० किलोमीटरच्या आतबाहेरच आहे. म्हणजे बेंगळुरूहून मुंबईला जाणारं विमान आपल्या आसपासच उतरणीला लागतं आणि मुंबईहून निघालेलं आपल्या आसपासच चढण संपवून सरळ होतं. नियंत्रण कक्षाकडून कधी लवकर उतरायला सांगितलं जातं, कधी वर थांबवलं जातं, त्यामुळे हा बिंदू रोज थोडा सरकतो. कधी उंब्रजवर, कधी साताऱ्यावर, कधी पार वाईकडे. तो कुठे पडला हे विमानांची जागा दाखवणारं ॲप न बघता नुसत्या डोळ्यांनी ओळखायचं, हे मी या मोसमासाठी ठरवलं होतं. बऱ्यापैकी जमायला लागलंय.

आधी उंचीची एक गोष्ट, म्हणजे नवीन लोकांना पुढचं कळेल. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात विमानांमध्ये १,००० फुटांचं उभं अंतर ठेवतात. आपल्याकडे ही पद्धत २००३ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. त्यात पूर्वेच्या अर्ध्या दिशांना जाणाऱ्यांना विषम हजार आणि पश्चिमेच्या अर्ध्या दिशांना जाणाऱ्यांना सम हजार. म्हणून बेंगळुरूकडे जाणारं ३३, ३५ किंवा ३७ हजारांवर मिळतं आणि मुंबईकडे येणारं ३४, ३६ किंवा ३८ वर. एकदा हे डोक्यात बसलं की दोन विमानं एकमेकांना भिडल्यासारखी दिसली तरी छातीत धस्स होत नाही. शेजारचे आप्पा पहिल्यांदा तसं बघून ओरडले होते, "आरं आरं, आदळतंय बघ!" आता तेच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "काय न्हाई हुत. मधी हजार फूट हाय."

आता विमानामागच्या धुराच्या पट्ट्याबद्दल. माझी वही सगळ्यात जास्त त्यानंच भरली आहे. धूर म्हणायचा, पण असतात ते बर्फाचे कण. एक किलो इंधन जळलं की सव्वा किलोच्या आसपास पाण्याची वाफ बाहेर पडते. बाहेरची हवा साधारण उणे चाळीस किंवा त्याहून थंड असेल तर ती वाफ गोठते आणि पट्टा दिसतो. प्रमाण वातावरणाच्या कोष्टकात ३५,००० फुटांवरचं तापमान उणे ५४ दिलेलं असतं. आपल्या अक्षांशावर मात्र त्या उंचीची हवा पुष्कळ गरम असते, उणे चाळीसच्या जवळपास. म्हणजे आपण बरोबर काठावर बसलोय. युरोपातल्या फोटोंत आभाळभर जाळं दिसतं तसं इथे रोज दिसत नाही आणि मला तेच आवडतं. कारण काठावर असल्यामुळे हजार-दोन हजार फुटांचा फरकसुद्धा डोळ्यांना दिसतो. दर हजार फुटांना तापमान सुमारे दोन अंशांनी उतरतं. डिसेंबरात एका सकाळी ३३ हजारांवरचं विमान कोरडं गेलं आणि त्याच्यामागून ३७ हजारांवर आलेल्यानं खडूनं ओढल्यासारखी रेघ मारली. दिशा तीच, जातही तीच, एअरबस ए३२०. मध्ये फक्त आठ अंशांचा फरक.

उतरणीचा बिंदूही याच पट्ट्यावरून सापडतो. मुंबईकडे जाणारं विमान आग्नेयेकडून अजिंक्यताऱ्याच्या डाव्या अंगानं वर येतं, मागे दुहेरी पट्टा असतो. इंजिनं मंद केली आणि नाक खाली झालं की विमान खालच्या, थोड्या गरम हवेत यायला लागतं. आधी पट्टा बारीक होतो, मग तुटक होतो, मग नुसतं विमान पुढे जातं. पट्ट्याचं ते तुटलेलं टोक आभाळात राहतं. शाहूपुरीतल्या आमच्या गच्चीवरून ते टोक यवतेश्वरच्या डोंगराच्या कितपत अलीकडे पडलं, हे मी मुठीनं मोजतो. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात. विमान जमिनीपासून दहा किलोमीटर वर धरलं, तर क्षितिजापासून तीन मुठींवरचं विमान आडव्या अंतरानं सतरा-अठरा किलोमीटरवर असतं आणि एका मुठीवरचं पन्नासच्या पुढे. वहीत वेळ, दिशा, मुठी आणि पट्टा कुठे तुटला एवढंच लिहितो. ॲप नंतर उघडतो, ताळा करायला.

पट्टा किती टिकतो तेही लिहा, ही सगळ्यांना विनंती. विमानामागे दोन बोटं राहून विरला तर वरची हवा कोरडी. आडवा पसरत जाऊन अर्ध्या आभाळात रेंगाळला तर वर बाष्प भरपूर. आणि तो कुठल्या बाजूला वाहतो तेही बघा. हिवाळ्यात वरचं वारं पश्चिमेकडून असतं, त्यामुळे पट्टा कोरेगावच्या अंगाला सरकत जातो. पावसाळ्यात त्या उंचीवर वारं पूर्वेकडून वाहतं. जुलै-ऑगस्टमध्ये ढग फाटून कधी पट्टा दिसलाच, तर तो यवतेश्वराकडे वाहताना दिसायला हवा. येत्या पावसाळ्यात तशी एक तरी नोंद मिळवायचीच आहे.

आवाजाचं थोडक्यात. दहा किलोमीटरवरून आवाज खाली यायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात विमान सात किलोमीटर पुढे गेलेलं असतं. आवाजाकडे बघाल तर रिकामं आभाळ दिसेल, तिथून पुढे विमान शोधायचं. भाचीला हे सांगितल्यापासून ती आवाज आला की आधी विमान जातंय त्या दिशेला नजर टाकते आणि माझ्या आधी ते पकडते.

मिरजेचे एक निवृत्त रेल्वेवाले काका यंदा या नादात सामील झाले. आयुष्यभर गाड्यांच्या वेळा पाळलेला माणूस, नोंदी इतक्या चोख की बघत राहावं. त्यांच्या डोक्यावरून मुंबईकडे जाणारं विमान गेलं की त्यांचा संदेश येतो, "सोडलं." मिरज-सातारा सरळ अंतर ११५ किलोमीटरच्या आसपास आहे. जेटचा वेग ताशी ८३० धरला तर आठ-साडेआठ मिनिटांत ते इथे यायला हवं. समोरचं वारं असलं की वेळ वाढते. जानेवारीत एकदा नऊ मिनिटं होऊन गेली तरी आभाळात काहीच नव्हतं. मी कळवलं, "काका, अजून नाही आलं." त्यांचं उत्तर, "येईल हो. लाइन मोकळी आहे, वारं आडवं आलं असेल." आलं, आणि नाक आधीच खाली होतं. ज्या विमानाला आपण दोन गावांतून बघितलं त्याची नोंद लिहिताना वेगळीच मजा येते.

फोटोंकडे वळतो. ए३२० चे पंख ३५.८ मीटरचे. बरोबर डोक्यावर असताना ते चंद्राच्या व्यासाच्या चाळीस टक्क्यांएवढं दिसतं. साध्या क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३०० मिमीची लेन्स लावली तर पंखांची लांबी पावणेतीनशे पिक्सेलच्या आसपास पडते. शेपटीचा रंग कळतो, इंजिनं कळतात, नोंदणीची अक्षरं वाचता येत नाहीत. त्यावर लेन्स बदलण्याआधी सकाळ बदला. उन्हं चढली की गच्चीचा स्लॅब तापतो, त्यावरची हवा हलायला लागते आणि कितीही महाग लेन्स असली तरी विमान पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. मी आता उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंतच फोटो काढतो. ऑटोफोकस निळ्या आभाळात भरकटत राहतो, म्हणून आधी यवतेश्वरच्या माथ्यावरच्या एखाद्या झाडावर फोकस धरून तो बंद करून टाकायचा. शटर हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद. दुर्बीण मात्र सूर्याच्या आसपास कधीच फिरवू नका, लहान मुलं सोबत असतील तर दुप्पट सांभाळा.

संध्याकाळचा खेळ वेगळा. दिल्ली-गोव्याची सरळ रेघ साताऱ्याच्या पूर्वेला साधारण चाळीस किलोमीटरवरून खाली उतरते. गच्चीवरून ती विमानं जरंडेश्वराच्या बाजूला, क्षितिजापासून दीड मुठीवर दिसतात. सूर्य आपल्या पाठीशी असतो. सूर्य आपल्याकडे मावळला तरी त्या उंचीवर ऊन असतं, आणि विमानाचं पोट तांबूस सोन्याचं होतं. दिल्लीहून येणारं सम हजारांवर, परत जाणारं विषमवर. चाळकेवाडीच्या पठारावरून तर दोन्ही बाजूंचं आभाळ मोकळं मिळतं. तिथल्या पवनचक्क्यांच्या रांगेत उभं राहून एकाच वेळी बेंगळुरूची आणि गोव्याची अशी दोन्ही रेघांवरची विमानं बघितली. वारा इतका की तिपाईला दगड बांधावा लागतो.

खऱ्या प्रेक्षक-गच्च्यांचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. तोक्योच्या हानेदा विमानतळावर टर्मिनलच्या छतावर फुकट जाऊन बसता येतं, हवा स्वच्छ असली तर फुजी दिसतो. नारिताच्या गच्चीवर कुंपणाच्या जाळीत लेन्स घालण्यासाठी मुद्दाम भोकं ठेवलेली आहेत. म्युनिकमध्ये बघणाऱ्यांसाठी टेकडीच रचलीय आणि तिच्या पायथ्याशी सुपर कॉन्स्टेलेशन हे जुनं पंख्याचं प्रवासी विमान उभं आहे. आपल्याकडेही सांताक्रूझला प्रेक्षक गॅलरी होती, जुनी माणसं अजून तिच्या गोष्टी सांगतात. सुरक्षेची कारणं मला समजतात. विमान नियम १९३७ मधला तेरावा नियम परवानगीशिवाय विमानतळावर फोटो काढू देत नाही, आणि लोहगाव तर हवाई दलाचा तळ आहे, तिथे कॅमेरा बॅगेबाहेर काढायचाच नाही. पण सुरक्षा तपासणीच्या आत, काचेमागे, तिकीट लावून एक गच्ची उघडली तर काय बिघडेल, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. विमान बघत उभं राहिलेलं पोर पुढे वैमानिक होतं, तंत्रज्ञ होतं, निदान हवामान तरी शिकतं. नवे विमानतळ बांधताना त्याची जागा आराखड्यातच ठेवली पाहिजे.

तोवर आपली गच्ची म्हणजे प्रस्थान कक्षाची खिडकी. हैदराबादला लग्नाला जायचं होतं, तेव्हा मुद्दाम कोल्हापूरचं, उजळाईवाडीचं तिकीट काढलं आणि दोन तास आधी जाऊन काचेला लागून बसलो. समोर एटीआर ७२ हे पंख्याचं विमान उभं होतं. प्रवासी उतरत होते, तरी उजवं इंजिन चालू आणि त्याचा पंखा मात्र स्थिर. एटीआरच्या उजव्या इंजिनाला पंखा रोखून धरणारा ब्रेक असतो. त्यामुळे जमिनीवर वेगळं जनित्र न लावता दिवे आणि वातानुकूलन चालतं. वाचून माहीत होतं. पण इंजिनाच्या मागे हवा थरथरतेय, पलीकडचं गवत त्यातून हलताना दिसतंय आणि पंख्याची पाती ढिम्म, हे प्रत्यक्ष बघितलं तेव्हा शेजारी बसलेल्या आजींनाही दाखवलं. मग ब्रेक सुटला. पाती आधी एकेक दिसत फिरली आणि बघता बघता त्यांची चकती झाली. आजी म्हणाल्या, "बया, म्हंजी मगाचपासनं ते जागंच होतं की!"

उरलंय ते चंद्राचं. विमान चंद्राच्या बिंबावरून जाताना फोटोत पकडायचं. चंद्र अर्ध्या अंशाचा. दहा किलोमीटरवर तेवढ्या कोनात नव्वद मीटर मावतात आणि जेट सेकंदाला २३० मीटर कापतं. म्हणजे सगळा मामला अर्ध्या सेकंदाचा, आणि आपण शंभर मीटर बाजूला उभे असलो तर विमान बिंबाच्या शेजारून निघून जाणार. एका गच्चीवरून हे नशिबावर सोडावं लागतं. पाच-सहा गच्च्या गावभर पसरलेल्या असतील तर कुणाला तरी मिळेलच. पौर्णिमेच्या आधीच्या तीन-चार संध्याकाळी चंद्र पूर्वेच्या आभाळात चांगला वर आलेला असतो आणि त्याच वेळी मुंबईकडे जाणाऱ्या विमानांची रांग सुरू असते. गोडोली, सदर बझार, करंजे, कोडोली इथलं कुणी तयार असेल तर सांगा. काका मिरजेहून "सोडलं" म्हणाले की मी सगळ्यांना एकदम कळवीन. तिथून आठ मिनिटं हातात असतात, तेवढ्यात कॅमेरा चंद्रावर लावून फोकस बंद करून ठेवायचा.