आयईएलटीएसचं रीडिंग आणि ‘नॉट गिव्हन’ : माझा अनुभव

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची, तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला इंग्रजीच्या परीक्षेत, म्हणजे आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिकमध्ये लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला प्रत्येकी 7 आणि रायटिंगला 6.5 बँड, म्हणजे गुण, दाखवावे लागतात. माझे बाकीचे तिन्ही जमले. रीडिंग मात्र 6 वर अडून बसलं, आणि तेही एकाच प्रश्नप्रकारामुळे : ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन. क्लासची फी वेळेवर भरली, रात्रपाळी करून सकाळच्या बॅचला बसले, तरी हा प्रकार तिथे कुणी नीट उलगडून सांगितला नाही. त्याचा राग अजून आहे, म्हणूनच हे लिहायला घेतलं.

लिसनिंगचं काही विशेष नाही. फोनवरून डॉक्टरांच्या ऑर्डर ऐकून लिहून घेण्याची सवय कामी आली. स्पीकिंग 11 ते 14 मिनिटांत उरकतं. रायटिंगमध्ये दुसऱ्या टास्कला वजन जास्त असतं, तेव्हा त्याला वेळ राखून ठेवा.

रीडिंगला 60 मिनिटांत तीन उतारे आणि 40 प्रश्न. साधारण तीसेक उत्तरं बरोबर आली की 7 च्या आसपास पोहोचतो. या प्रश्नप्रकारात उताऱ्याखाली एक विधान देतात. उतारा त्याला दुजोरा देत असेल तर ट्रू, उतारा त्याच्या विरुद्ध बोलत असेल तर फॉल्स, आणि यातलं काहीच करत नसेल तर नॉट गिव्हन. ऐकायला सोपं आहे. क्लासमध्ये आम्हाला नियम दिला होता : विधानातली गोष्ट उताऱ्यात शब्दशः सापडली नाही की नॉट गिव्हन. मी विचारलं, ‘सर, न लिहिताही वाक्यात अर्थ असतोच की, त्याचं काय?’ उत्तर आलं, ‘मॅडम, फार विचार करू नका, शंका आली की नॉट गिव्हन टाका.’ तो नियम साफ चुकीचा आहे. इंग्रजी वाक्य अर्धं पोटात ठेवून बोलतं आणि त्यातलं बरंचसं ‘सांगितलं’ म्हणूनच धरलं जातं.

गाठ सुटली ती माझ्या मामेभावामुळे. दादा कॉलेजवर इंग्रजी शिकवतो. माझे तपासलेले सराव पेपर त्याने चाळले आणि म्हणाला, ‘अगं, तुझं इंग्रजी चांगलं आहे. न बोललेल्या गोष्टींचे प्रकार तुला कुणी वेगळे करून दिले नाहीत, एवढंच.’ मग त्याने ‘इम्प्लिकेचर’ हा शब्द सांगितला, म्हणजे वाक्य थेट न सांगता नुसतं सुचवतं तो अर्थ. पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1967 साली हार्वर्डच्या व्याख्यानांत ही कल्पना मांडली, 1975 मध्ये त्यातला मुख्य भाग छापून आला. शाळेत अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकलो होतो ना, त्यातल्या व्यंजनेची ही शेजारीण, असं दादाचं म्हणणं. दोन्ही अगदी एक नव्हेत, पण मला ओळख पटायला तेवढं पुरलं.

दादाने उदाहरणं माझ्या वॉर्डातलीच घेतली.

पहिलं : ‘नाइट नर्सेस गॉट अ‍ॅन अलाउन्स, डे नर्सेस डिडन्ट.’ दुसऱ्या अर्ध्यात अलाउन्स हा शब्दच नाही. पण तो व्याकरणाने गाळला आहे, अर्थातून गेलेला नाही. याला इलिप्सिस म्हणतात. ‘दिवसपाळीच्या नर्सना भत्ता मिळाला नाही’ हे विधान ट्रू.

दुसरं : ‘द वॉर्ड स्टॉप्ड यूजिंग पेपर चार्ट्स इन 2010.’ आधी कागदी चार्ट वापरत होते, असं कुठे लिहिलंय? कुठेच नाही. पण वापरत नसते तर थांबवलं काय? हे प्रीसपोझिशन, म्हणजे वाक्य उभं राहायला जे गृहीत धरावंच लागतं ते. हेही ट्रू. ‘स्टिल’, ‘अगेन’, ‘रिटर्न्ड’ असे शब्द दिसले की मागे काहीतरी गृहीत आहे म्हणून थबकायचं.

तिसरं : ‘द न्यू विंग ओपन्ड इन 1998. पेशंट नंबर्स रोझ द फॉलोइंग इयर.’ विधान : नव्या विंगमुळे रुग्णसंख्या वाढली. वाचताना आपण पटकन मान डोलावतो. पण उताऱ्याने फक्त एकामागोमाग एक घडलं एवढंच सांगितलं आहे. ‘मुळे’ आपण जोडलं. हे इम्प्लिकेचर, आणि याचं उत्तर नॉट गिव्हन.

ओळखायचं कसं? सुचवलेला अर्थ मागे घेता येतो, हे ग्राइसचंच म्हणणं. म्हणून उताऱ्यातल्या वाक्यापुढे विधानाच्या उलट काहीतरी जोडून बघायचं. ‘विंग उघडली, पुढच्या वर्षी रुग्ण वाढले, पण त्याचं कारण विंग नव्हतं’ हे वाक्य चालतं, म्हणून नॉट गिव्हन. ‘कागदी चार्ट बंद केले, पण ते कधी वापरातच नव्हते’ हे चालत नाही, म्हणून ट्रू. आणि उताऱ्याला विधान जसंच्या तसं जोडल्यावर दोघांचं पटेनासं झालं, तर फॉल्स. क्लासमध्ये एवढं सांगायला अर्धा तास पुरला असता!

नर्सना हा प्रकार जास्त छळतो, असं माझं ठाम मत आहे. एक तर आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकवलेलं असतं की नोंद नाही म्हणजे केलं नाही. वॉर्डात ते योग्यच आहे. पेपरात मात्र तीच शिस्त आपल्याला फॉल्सकडे ओढते, कारण लिहिलेलं नाही म्हणजे घडलेलं नाही असं वाटतं. दुसरं, संध्याकाळी अँटिबायोटिक सुरू झालं आणि सकाळी ताप उतरला की आम्ही मनात दोन्ही जोडून मोकळे होतो. हे शिक्षण वॉर्डाच्या दारात ठेवून परीक्षेला बसा.

सराव पुस्तकापेक्षा रोजच्या बोलण्यावर जास्त झाला. एकदा पाळी बदलताना, हँडओव्हरला, सिस्टर म्हणाली, ‘शी एट सम ऑफ हर लंच.’ ऐकणारीने थाळीत काही उरलं असं धरलं. पण ‘सम ऑफ इट, इन फॅक्ट ऑल ऑफ इट’ असंही म्हणता येतं. म्हणजे ‘उरलं’ हे सुचवलेलं, सांगितलेलं नव्हे. तेव्हापासून मी ‘किती खाल्लं?’ असं थेट विचारते.

पुढच्या निकालात रीडिंगला 7.5 आले. मला त्याचा अभिमान आहे, आणि दादाला माझ्याहून जास्त.

आता आठवतंय ते सांगून टाकते. या प्रकारातले प्रश्न उताऱ्याच्या क्रमानेच येतात, त्यामुळे तिसऱ्याचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तराआधीच्या भागात शोधत बसू नका. चुकीला गुण कापत नाहीत, एकही जागा कोरी सोडू नका. रीडिंगला उत्तरं उतरवून घ्यायला वेगळा वेळ नसतो. येस, नो, नॉट गिव्हन असं विचारलं असेल तर तिथे लेखकाचं मत तपासायचं असतं, उलट जोडून बघायची चाचणी मात्र हीच. पासपोर्ट विसरू नका. आणि कॉम्प्युटरवर परीक्षा दिली असेल तर एकच भाग पुन्हा देण्याची सोय आहे, 60 दिवसांच्या आत. मात्र ज्यांना निकाल द्यायचा त्यांना तो चालतो का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.