ट्यूबलाइटचा हिरवा

रोजच्या जगण्याच्या रंगीत फोटोंचं प्रदर्शन जळगावात लागलंय, असं भाच्यानं सांगितलं तेव्हा मी काही लगेच उठलो नाही. खानदेशचे रंगीत फोटो म्हटले की ठरलेलंच: काठीची होळी, मोरपिसांचे टोप, नाहीतर पिवळीधमक केळी. निम्मं प्रदर्शन तसंच निघालं. वाईट नाही, पण तिथे रंग आधीच तयार असतो; फोटोवाल्यानं फक्त बटण दाबायचं.

थांबलो ते आतल्या भिंतीपाशी. रात्रीचं स्वयंपाकघर. स्टीलच्या ताटात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा, शेवभाजीच्या वाटीच्या काठाला तर्रीचं लाल तेल सुकलेलं. भाकरीचा काळपट राखाडी रंग हुबेहूब, उडदाच्या सालीचे ठिपकेसुद्धा मोजून घ्यावेत असे. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ती कुठलीही भाकरी झाली असती. शेजारच्या बाई मोठ्यानं म्हणाल्या, "हाई ते कयनानी भाकर शे!"

आणि मागची भिंत हिरवट. रंग हिरवा नव्हे, उजेड हिरवा. जुन्या चोकवाल्या ट्यूबचा.

मी कितीतरी वर्षं कलर लॅबमध्ये प्रिंट काढले. ट्यूबच्या उजेडातला फोटो फिल्मवर हिरवा यायचा आणि तो हिरवा मारणं हे आमचं रोजचं काम. लग्नाचा रोल असला की वर "नवरी जरा गोरी करा" ही फर्माईश. गिऱ्हाइकाला तेच हवं असायचं. त्यामुळे खानदेशातली हजारो घरं अल्बमांत आहेत, पण त्यांचा उजेड काही त्यात नाही. आता तर मोबाइलच तो हिरवा परस्पर पुसून टाकतो. म्हणजे ह्या फोटोवाल्यानं तो मुद्दाम राखला.

रंगाला कलेच्या दारात तसा उशिराच प्रवेश मिळाला. 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात विल्यम एगलस्टनचे साध्यासुध्या वस्तूंचे रंगीत फोटो लागले, तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली होती. आपल्याकडे रघुबीर सिंगांनी (1942–1999) तर रस्त्यावरचा भारत रंगातच टिपला. चाळीसगावच्या केकी मूसांची गोष्ट निराळी. ते टेबलावर मांडामांड करून अख्खं दृश्य उभं करायचे आणि मग त्याचा फोटो काढायचे. ह्या पोराला मांडायचं काहीच नव्हतं, ताट समोरच होतं.

पोरगा रावेरकडचा. मी लॅबवाला कळल्यावर जवळ आला.

"आप्पा, तो हिरवा काढायला पाहिजे होता का? सगळे तेच सांगतात."

"हात लावू नको," म्हटलं. "पण काच कशाला बसवलीस?"

फ्रेमवाल्यानं ऐकलं नाही म्हणे. मॅट कागदावरचा एवढा देखणा प्रिंट, आणि त्यात हॉलचे दिवे चमकताहेत!

प्रदर्शन रविवारपर्यंत आहे. भाकरीचा फोटो डावीकडून बघा, तिथून काच चमकत नाही.