ब्रॅकेटचे गुण ठरवताना

अमेरिकेतील महाविद्यालयीन पुरुष बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा मार्चमध्ये जवळ आली की आमच्या कार्यालयात ब्रॅकेट, म्हणजे या बाद पद्धतीच्या स्पर्धेतील प्रत्येक सामना कोण जिंकेल याचे अंदाज लिहिण्याचा तक्ता, भरण्याची चुरस सुरू होते आणि तिचे संयोजन माझ्याकडे असते. प्रवेशशुल्क आम्ही घेत नाही, कारण पैसे लावण्याविषयीचे कायदे इथे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि सहकाऱ्यांमध्ये पैशांवरून वाद व्हावेत अशी माझी मुळीच इच्छा नाही. रविवारी संध्याकाळी ६८ संघ जाहीर होतात. ओहायोतील डेटन येथे होणारे सुरुवातीचे चार सामने आम्ही हिशेबात धरत नाही. उरलेल्या ६४ संघांच्या ६३ सामन्यांचे अंदाज गुरुवारी दुपारी पहिला सामना सुरू होण्यापूर्वी माझ्याकडे पोहोचले पाहिजेत, आणि ही मुदत मी कुणासाठीही वाढवत नाही.

सगळे ६३ अंदाज अचूक येणे जवळपास अशक्यच आहे, कारण ब्रॅकेट भरण्याचे एकूण प्रकार मोजले तर ती संख्या एकोणीस अंकी होते. म्हणून खरा प्रश्न चुका किती होतात हा नसून कोणत्या चुकीची किंमत किती असावी हा असतो, आणि तो संयोजकाने आधीच सोडवलेला असावा लागतो.

सर्वांत रूढ पद्धतीत पहिल्या फेरीतील अचूक अंदाजाला १ गुण मिळतो आणि पुढे प्रत्येक फेरीत गुण दुप्पट होत अंतिम सामन्याला ३२ मिळतात. प्रत्येक फेरीचे एकूण गुण ३२ इतकेच राहत असल्याने ही रचना न्याय्य दिसते खरी. पण विजेता अचूक ओळखणाऱ्याला त्या एका संघाच्या वाटचालीतूनच १९२ पैकी ६३ गुण मिळतात, आणि पहिल्या दोन दिवसांत बत्तीस सामन्यांवर डोके खाजवणाऱ्यांची मेहनत मातीमोल होते. त्याऐवजी १, २, ३, ४, ५, ६ अशी चढती श्रेणी ठेवली, तर एकूण १२० पैकी विजेत्याच्या वाटचालीचे २१ गुण होतात. मला हेच प्रमाण पटते.

दुबळ्या संघाच्या विजयाला बोनस द्यावा, अशी मागणी दरवर्षी होते. मागणीमागची भावना मी समजू शकतो. ६४ संघ चार गटांत विभागलेले असतात आणि प्रत्येक गटात १ ते १६ अशी मानांकने असतात, म्हणजे सोळावा हा गटातला सर्वांत दुबळा संघ. २०१८ मध्ये सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीने (मेरिलँड विद्यापीठ, बाल्टिमोर काउंटी) अग्रमानांकित व्हर्जिनियाला ७४-५४ असे हरवले, तेव्हा तो निकाल आधी लिहून ठेवणाऱ्याला केवळ एक गुण मिळावा हे कुणालाही खटकेल. (व्हर्जिनियाने पुढच्याच वर्षी विजेतेपद पटकावले, हा भाग वेगळा.) परंतु मानांकनाचा आकडाच बोनस म्हणून जोडला, तर गणित बिघडते: पाचव्या विरुद्ध बाराव्या मानांकनाच्या लढतीत बारावा संघ साधारण तीनपैकी एकदा जिंकतो, त्याला १३ आणि पाचव्याला ६ गुण असतील तर डोळे मिटून बाराव्यालाच पसंती देणे फायद्याचे ठरते, आणि अंदाजातले कौशल्यच संपते. त्याच लढतीत पाचव्याला १ आणि बाराव्याला २ गुण दिले की पहिल्या फेरीपुरता तोल बराचसा साधतो. त्यामुळे बोनस तुटपुंजा वाटला तरी चालेल, असे माझे मत आहे.

बरोबरी सुटण्यासाठी अंतिम सामन्यातील दोन्ही संघांच्या एकूण गुणांचा अंदाज आधीच लिहून घ्यावा. सामना न खेळताच संघ पुढे गेला तर काय, हेही नियमात असावे. २०२१ मध्ये कोविडमुळे व्हीसीयूचा (व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठ) ओरेगनविरुद्धचा सामना रद्द झाला आणि ओरेगनला पुढची फेरी मिळाली. आम्ही अशा वेळी पुढे गेलेल्या संघाला विजयी धरतो.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी सोळा संघ उरतात, तोवर निम्म्या स्पर्धकांनी निवडलेला विजेता बाद झालेला असू शकतो आणि त्यांचा उत्साह मावळतो. त्यांच्यासाठी मी उरलेल्या १५ सामन्यांचे नवे ब्रॅकेट वाटतो, त्याचा निकाल मूळ स्पर्धेपासून वेगळा ठेवतो आणि त्यात बोनस अजिबात देत नाही.