पेटीवाल्याचं रडगाणं

आम्ही 1992 च्या बॅचचे. गॅदरिंगला मी पेटीवर असायचो आणि माझी तक्रार कायमची: टाळ्या सगळ्या गाणाऱ्याला, पेटीवाल्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. संगीताच्या सरांपुढे हे रडगाणं गायलो, तर म्हणाले, "स्वतःच्या बोटांकडे काय बघत बसतोस? त्याच्या तोंडाकडे बघ. तो श्वास कुठं घेतो ते कळलं की साथ जमली." फार राग आला होता.

दहावीत आमच्या तालमी चालू होत्या तेव्हाच, 24 नोव्हेंबर 1991 ला, लंडनमध्ये रॉक गायक फ्रेडी मर्क्युरी एड्सनं गेला. पाचगणीत राहून आम्हाला गंधवार्ता नाही. त्याचा क्वीन नावाचा बँड तेव्हा आपल्या वर्गात कुणाला माहीत असेल, तर त्यानं खुशाल हात वर करावा! आणि हा माणूस कोण, तर धुक्यात दप्तरं सांभाळत आपण ज्या सेंट पीटर्स शाळेवरून जायचो, तिथं बोर्डिंगला असलेला फारोख बुलसारा.

झांझिबारच्या पारशी घरातलं हे पोर 1955 साली, आठ वर्षांचं असताना इथं आलं. आईबाप समुद्रापलीकडे. वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे, म्हणून मुलं 'बकी' म्हणून चिडवायची. रेडिओवर ऐकलेलं गाणं मात्र तो लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा. पुढं पाच मित्रांनी 'द हेक्टिक्स' हा बँड काढला. त्यात हा पियानोवर. मुख्य गाणारा मुलगा दुसराच! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो.

पाचगणीनं त्याला घडवलं असं भाषण ठोकायचा मोह होतो, पण ते काही खरं नाही. झांझिबारच्या 1964 च्या क्रांतीनंतर घर लंडनला गेलं, तिथं तो चित्रकला शिकला, 1970 मध्ये क्वीन उभा राहिला. बँडचं बोधचिन्हही त्यानंच काढलं. एका कार्यक्रमात माइकचा स्टँड मधूनच तुटला, तर उरलेला दांडा हातात घेऊन हा नाचला आणि तो दांडा जन्मभर सोडला नाही. मुकुट, राजाचा झगा, पिवळं जाकीट हे सगळं त्याला शोभायचं. आपल्यावर असलं काही चढवलं तर सोंग दिसेल.

लंडनच्या वेंबली स्टेडियमवरचा क्वीनचा 1985 चा 'लाइव्ह एड'चा कार्यक्रम मी कितीदा पाहिला असेन. समोर 72 हजार माणसं, हाताशी जेमतेम 21 मिनिटं. अंगात पांढरी बनियन, दंडावर खिळ्यांचा पट्टा. धावत येतो, स्टेजभर फिरतो आणि आधी जाऊन बसतो कुठं, तर पियानोवर.

दर वेळी माझी नजर त्याच्या बोटांवरच जाते. सर असते तर ओरडले असते.